नत्थूजीच्या हातचं काम

हे कोणालाच माहीत नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्या माणसाचं मी वाटोळं केलं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची-माझी ओळख नाही. आणि ऐकून झाल्यावर 'होतं असं माणसाकडून' वगैरे म्हणू नका. ते मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्याचा वीट आलाय.

काटोल रोडला नाक्याच्या पुढे माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. चांगलं चालतं. लोक म्हणतात, उमेशभाऊचा हात म्हणजे हात. असं कोणी म्हटलं की मी मान खाली घालून पाना शोधतो. लोकांना तो विनय वाटतो! वाटू दे.

ज्याच्याकडे मी काम शिकलो तो नत्थूजी. पार काटोलपर्यंत त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. तोंडावर मीही उस्ताद म्हणतो, अहो-जाहो करतो. मनात मात्र अरे-तुरेच. इथे मनातलंच बोलतो – आता सोंग कशाला?

मला तो आवडायचा नाही. नाही – हे फारच सभ्य झालं. मला त्याचा राग होता, डोक्यात जायचा तो माझ्या. अकरा वर्षं हाताखाली काढली, पण 'बरं केलं गा' एवढं एकदाही तोंडातून निघालं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा होणारे सासरे गॅरेजवर आले. मी इंजिन बांधत होतो. नत्थूजी त्यांना म्हणाला, "पोरगा नट आवळाले बरा आहे. इंजिन काय म्हणून राह्यलं, ते याले ऐकू येत नाही." सासरे हसले, गॅरेजमधले सगळे हसले. मीही हसलो. न हसून करतो काय? पण ते वाक्य मी जपून ठेवलं, वर्षानुवर्षं.

हे कारण म्हणून सांगत नाहीये. असल्या बोलण्याने कोणी मरत नाही.

त्याचा एक नियम होता, तो आधी सांगायला हवा. गाडी चालू होत नसेल तर तो स्वतः स्टार्टरपाशी बसायचा आणि बॅटरीची बाजू मी पाहायची. मी 'बरोबर आहे' म्हटलं की तो तिकडे पुन्हा फिरकायचा नाही. का? तर जोडीदाराने पाहिलेलं परत पाहणं म्हणजे त्याला खोटं ठरवणं. म्हणजे बघा – तोंडाने माझी लाज काढणारा हा माणूस कामात माझ्या शब्दावर डोळे मिटून चालायचा. तेव्हा हे मला दिसलं नाही. की दिसलं होतं?

चौदा वर्षं झाली. काटोलजवळच्या एका गावात बाबारावजी म्हणून संत्र्याचे मोठे बागायतदार. त्यांच्या वडिलांनी घेतलेला जुना ट्रॅक्टर त्यांनी जिवापाड सांभाळलेला, वयाने माझ्यापेक्षा मोठा. त्या गावात बैल कमी झाले तसे पोळ्याला ट्रॅक्टरही तोरणाखाली उभे राहायला लागले, आणि त्यात पहिला मान या म्हाताऱ्या ट्रॅक्टरचा. त्या वर्षी पोळ्याच्या आधी त्याचा स्टार्टर अडकू लागला. नत्थूजीने तो उघडला, नवे कार्बन टाकले, बुश – म्हणजे दांडा जिच्यात फिरतो ती पितळी कडी – बदललं. चावी फिरवली की एका झटक्यात इंजिन उचलायचं. काम चोख होतं. मी तिथेच होतो, म्हणून सांगतो.

मग बाबारावजींच्या पुतण्यांना हौस आली. बैलाची शिंगं रंगवतात तसा त्यांनी अख्खा ट्रॅक्टर लालभडक रंगवला, बोटभर जागा सोडली नाही. त्यासाठी बॅटरी काढली, वायरी सोडल्या आणि नंतर परत लावल्या. बॅटरीची एक जाड वायर ट्रॅक्टरच्या लोखंडाला बोल्टने कसलेली असते. तिला आम्ही अर्थिंग म्हणतो. ती त्यांनी थेट नव्या रंगावर कसली. रंगातून करंट कुठला जातो? बल्ब पेटण्यापुरता थोडासा कुठूनतरी जातो, पण इंजिन फिरवायला जो लागतो तो जात नाही.

पोळ्याच्या दिवशी दुपारी आम्हाला बोलावणं आलं. ट्रॅक्टर हारतुऱ्यांनी सजून उभा, गाव जमलेलं, डफडी वाजताहेत. चावी फिरवली – टक्. बस. पुन्हा फिरवली – टक्.

नत्थूजी नवा सदरा घालून आला होता. तसाच स्टार्टरपाशी उकिडवा बसला. मी बॅटरीकडे गेलो आणि एका नजरेत समजलो. बोल्टच्या खाली लाल रंग. बोट लावलं तर वायरचं टोक गरम. दोन मिनिटांचं काम होतं – बोल्ट सोडा, ब्लेडने रंग खरवडा, परत कसा.

"अर्थिंग पाह्यलं काय गा?" त्याने तिकडूनच विचारलं.

"पाह्यलं उस्ताद. बरोबर आहे."

एवढंच. मी ठरवून गेलो नव्हतो, पण जीभ अडखळलीही नाही. आणि म्हणून मला स्वतःची जास्त घाण वाटते.

त्याने नियम पाळला. बॅटरीकडे पाहिलंही नाही. पाना टेकवून शॉर्ट मारून, म्हणजे चावी सोडून थेट करंट देऊन पाहिलं, तरी स्टार्टर ढिम्म. मग अख्ख्या गावासमोर, गोणपाटावर, त्याने आपलाच बांधलेला स्टार्टर उघडला. पुसला, पाहिला, बांधला. टक्. पुन्हा उघडला. नव्या सदऱ्याला ग्रीस लागलेलं, कपाळावर घाम. मी बाजूला उभा राहून त्याला पाने देत होतो. मदत करत होतो ना मी!

शेवटी बाबारावजी म्हणाले, "राहू द्या नत्थूजी." तो ट्रॅक्टर साखळी बांधून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढत नेला आणि सगळ्यात मागे उभा केला.

इथेच थांबलो असतो तरी – पण मी थांबलो नाही. पोळ्याला आमच्याकडे झडत्या म्हणतात, एकमेकांना टोमणे मारणाऱ्या दोन-दोन ओळी. त्या संध्याकाळी एक जण खड्या आवाजात म्हणाला –

चाक रंगलं, बोनट रंगलं, रंगली बसाची सीट,
नत्थूजीच्या हातचं काम आता राह्यलं नाही नीट!

गाव लोटपोट हसलं. 'हर बोला'चा गजर झाला. तो म्हणणारा बापडा फक्त आवाजाचा धनी होता. ओळी मी त्याच्या कानात घातल्या होत्या. आजपर्यंत लोकांना ती झडती येते. माझ्यासमोर म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. तान्हा पोळा होता, गल्लीत लेकरं लाकडाचे बैल ओढत होती. लोकांना दिसावं म्हणून स्टार्टर काढला, पुसल्यासारखं केलं, परत लावला. मग कोणी पाहत नाही असं पाहून बोल्टखालचा रंग खरवडला. चावी फिरवली – इंजिन धडधडलं. बाबारावजींनी मिठी मारली. मी म्हणालो, "बुश वाकडं बसलं होतं, काकाजी. वय झालं उस्तादांचं."

मला वाटलं होतं, नत्थूजी भांडेल. शिव्या देईल, मला खोटं पाडेल. मी तयारीत होतो. तो भांडलाच नाही. त्याने ते खरं मानलं! दारात आलेल्या गिऱ्हाइकाला तो स्वतःच सांगू लागला, "बाबारावजीकडं माह्यानं बुश वाकडं बसलं. आता उमेशकडं जा." त्याच दिवसांत मी वेगळा झालो; माझं गॅरेज असं उभं राहिलंय.

पुढच्या वर्षी, हाताला काय झालंय ते दाखवायला म्हणून त्याने शहरात रामदासपेठेतल्या एका नसांच्या डॉक्टरकडे नेण्याचा हट्ट धरला. मुलगा पुण्याला, म्हणून मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याला टाचण्या उचलायला लावल्या, दोऱ्याला गाठ मारायला लावली. सगळं जमलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे." जिना उतरताना तो मधल्या पायरीवर थांबला.

"मंग बुश वाकडं कसं बसलं गा?"

जिन्यात आम्ही दोघंच होतो. याहून सोपी वेळ कोणती असते? मी म्हणालो, "होते कधी कधी, उस्ताद. चला."

त्यानंतर त्याने पाना हातात धरला नाही. घरातला पंखा आवाज करू लागला तरी माणूस बोलावतो. आता पुण्याहून परत आलेल्या मुलाची पोरं त्याला सांगतात, आजोबा, हात लावू नका. तो लावत नाही.

मागच्या आठवड्यात तो घरचा मिक्सर घेऊन माझ्याकडे आला. बंद पडला होता. मिक्सर टेबलावर ठेवला आणि चूक केलेल्या पोरासारखे दोन्ही हात मागे बांधून उभा राहिला. मी प्लग उघडला. आतली एक वायर स्क्रूमधून सुटली होती. त्याला दिसू नये म्हणून मी प्लग मुठीत झाकला.

"आतलं काम आहे उस्ताद," मी म्हणालो. "ठेवून जा."

"मले वाटलंच," तो म्हणाला, आणि निघून गेला.

वायर बसवायला मला एक मिनिट लागलं. मिक्सर मी दोन दिवस ठेवून घेतला.