मोहोळ घार आली त्या रविवारी

मोठ्या जाऊबाईंना मी पक्षी बघायला नेत असे, ते काही प्रेमापोटी नव्हे. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं आणि एकट्या त्या घराबाहेर पडत नव्हत्या. मोठे दीर वारल्यावर सिहोऱ्याचं घर बंद करून त्या आमच्याकडे भंडाऱ्याला राहायला आल्या होत्या. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, धानाची शेती बटईने, अर्ध्या वाट्यावर, दिलेली. मी शाळेत शिकवून दमून यायचे, आणि भाजीत तिखट किती, वरणाला फोडणी कशाची, यावरून आमचं भांडण चालायचं, तेही न बोलता. त्या ताट बाजूला सरकवायच्या, मी डब्याचं झाकण जरा जोरात लावायचे, आणि माझा नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचा.

दसरा झाला की आमच्या गटाच्या रविवारच्या फेऱ्या सुरू होतात. त्या वर्षी गटात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर, बँकेत नोकरी करणारे आणि मोठा कॅमेरा बाळगणारे एक जण, नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली आणि मी, इतकेच होतो. थंडी पुरती पडेपर्यंत बाहेरच्या तलावांवर बदकं उतरत नाहीत. तोवर सर आम्हाला गावातल्याच एका बागेत घेऊन जायचे. उत्तरेकडून निघालेली लहान पाखरं, म्हणजे धोबी, थिरथिरे, माशीमार, याच दिवसांत तिथे येऊन टेकायची. सकाळी फिरायला येणारी माणसं आमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत पुढे जायची.

जाऊबाई सावरीच्या झाडाजवळच्या बाकावर बसायच्या. गुडघ्यामुळे त्यांना फार चालवत नसे. दुर्बीण दिली तर म्हणायच्या, "मले असंच दिसते." आणि दिसायचंही. कुठल्या फांदीत काय हललं ते आमच्या आधी त्यांना कळायचं. पहिला माशीमार त्यांनीच दाखवला तेव्हा सर म्हणाले, "काकू, तुमच्यासारखी नजर माझ्या एकाही विद्यार्थ्याला नव्हती." गटात मी त्यांच्यापेक्षा चार वर्षं जुनी होते. मला हे आवडलं नाही, हे आज लिहायला हरकत नाही.

त्या रविवारी गवतावर दव होतं. सावरीच्या वरच्या फांदीला आग्या माश्यांचं मोहोळ लटकत होतं. ते महिनाभर तिथेच होतं. खालून रोज माणसं जायची आणि माश्या कोणाच्या वाटेला जात नसत. आम्ही बाकाभोवती उभे राहून झुडपातल्या एका वटवट्या पाखराच्या जातीवरून वाद घालत होतो. इतक्यात एक मोठा तपकिरी पक्षी घिरट्या घालत आला आणि समोरच्या झाडावर बसला.

सरांचा आवाज बदलला. "मोहोळ घार," ते कुजबुजले. "हलू नका कोणी. ही मोहोळावर आली आहे. हे बघायला मी किती वर्षं थांबलोय."

बँकेतल्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मुलींनी एकमेकींचे हात धरले. मी श्वास रोखून उभी होते.

जाऊबाई बाकावरून अर्धवट उठल्या. "चाला इथून," त्या मला म्हणाल्या. "ते पाखरू झोंबलं का माश्या उठतीन. सांग न सरले."

सरांना एका कानाने कमी ऐकू येतं, आणि तो कान आमच्या बाजूला होता. बाकीचे चार पावलं पुढे होते. जाऊबाईंचं बोलणं फक्त मी ऐकलं.

"बाई, थांबा न जरा," मी म्हणाले. "सर म्हणून राहिले न हलू नका म्हणून. पाखरू उडून जाईन."

"अवं, माश्या..."

"तुमाले प्रत्येक गोष्टीतलं समजते का?"

हे मी हळूच म्हणाले, पण घरातला सगळा कडवटपणा त्यात उतरला होता. जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि परत बाकावर बसल्या.

घार एकदा मोहोळावर आदळून निघून गेली. माश्यांचा काळा पडदा हलला आणि पुन्हा जागेवर बसला. सर आनंदाने हसले. दुसऱ्यांदा ती आली, मोहोळाला लटकली आणि पंख फडफडवत तिने लचका तोडला. ताटाएवढा एक तुकडा सुटून खाली आला आणि बाकापासून पाच-सहा हातांवर गवतात पडला.

पुढचा आवाज मला नीट सांगता येत नाही. गिरणी सुरू होताना पट्टा वेग धरतो तेव्हा येतो तसा तो होता आणि वाढतच गेला. पहिला डंख माझ्या भुवईवर बसला. सर ओरडले, "पळा!" आणि मी पळाले.

मागे वळून न बघता मी पळाले. कारंज्याच्या मोटारीची एक लहान खोली होती, तिचं पत्र्याचं दार उघडं होतं. मुली आत शिरल्या, मी शिरले, मागोमाग बँकेतले सरांना ओढत आले. कोणीतरी कडी लावली. आत तेलाचा वास, अंधार, आणि आमच्याबरोबर आलेल्या दहा-बारा माश्या. सरांच्या टकलावर चार-पाच चिकटल्या होत्या. एक मुलगी रडत होती.

मग दुसरी मुलगी म्हणाली, "काकू कुठे आहेत?"

खिडकीला जाळी होती. मी तिथून पाहिलं. जाऊबाई बाकाखाली होत्या. गुडघे पोटाशी घेऊन, पदर डोक्यावरून पूर्ण ओढून, तोंड जमिनीला लावून पडल्या होत्या. जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या बाया असंच करतात म्हणे. साडी त्यांची फिकट पिवळी होती, पण पाठीवर ती पिवळी दिसत नव्हती. तिथे काळं काहीतरी हलत होतं.

"दार उघडा," मी म्हणाले.

"थांबा, ताई," बँकेतले म्हणाले. त्यांचा हात कडीवर होता. "आता उघडलं तर सगळेच जाऊ. मिनिटभर थांबा. मी फायर ब्रिगेडला फोन लावतो."

मी थांबले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी मला अडवलं असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण ते दार अडवून उभेही नव्हते, फक्त कडीवर हात होता. मी तो बाजूला करू शकले असते. मला भीती वाटत होती, आणि कोणीतरी थांबा म्हणालं याचं बरं वाटत होतं.

बाहेर बाग झाडणारी बाई धावत येताना दिसली. तिने तोंडाला लुगड्याचा पदर गुंडाळला होता. रस्त्याच्या कडेला पाल्याचे ढीग तिनेच पहाटे लावून ठेवले होते. बाकाच्या वाऱ्याकडच्या ढिगाला तिने काडी लावली. पाला दवाने ओला होता. आधी नुसता पिवळा धूर निघाला. तोच हवा होता. धूर बाकाकडे सरकला. तिने आमच्या खोलीकडे बघून हात केला आणि ओरडली, "या न कोणीतरी! मी एकटी कशी उचलू?"

तेव्हा मी कडी काढली. कोपऱ्यात दोन पोती पडली होती. एक डोक्यावर घेतलं, एक हातात, आणि धुरात गेले. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. हातावर, मानेवर डंख बसत होते. मी जाऊबाईंच्या अंगावर पोतं टाकलं, आम्ही दोघींनी त्यांना बाकाखालून ओढलं आणि फाटकापर्यंत फरपटत नेलं. बँकेतले गाडी घेऊन आले.

गाडीत जाऊबाईंचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ सुजून उलटे झाले होते, डोळे मिटले होते, आणि प्रत्येक श्वासाला शीळ वाजत होती. नर्सिंगची एक मुलगी पुढच्या सीटवरून मागे वाकून त्यांच्या मनगटाला धरून होती. "काकू, माझ्याशी बोला. काकू, झोपायचं नाही." मग ती बँकेतल्यांकडे बघून हळूच म्हणाली, "दादा, जोरात चालवा. नाडी लागत नाही नीट."

फाटकावर भाजीवाल्यांचे ठेले होते. हॉर्न वाजवूनही वाट मिळेना. मी काच खाली करून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. माणसं बाजूला झाली.

दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि मांडीत इंजेक्शन दिलं. तोंडावर ऑक्सिजन लावला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बघू. पुढचा एक तास बघू." तो तास मी पडद्याबाहेरच्या स्टुलावर काढला. सर भिंतीला टेकून उभे होते. डोक्यात रुतलेले माश्यांचे काटे कोणाला काढू देत नव्हते. "मी हलू नका म्हणालो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चाळीस वर्षं शिकवलं मी, आणि हलू नका म्हणालो."

जाऊबाईंनी आधीच सांगितलं होतं, हे मी त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं नाही.

माझा नवरा आला. त्याने वहिनींना पाहिलं, मग मला. "तू कुठं होती?"

"त्याच मले पळ म्हणाल्या," मी म्हणाले. "म्हणाल्या, मी येतो मागून, तू पळ."

शब्द आपोआप बाहेर आले. नवऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पडदा अर्धा उघडा होता. जाऊबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता.

दुपारी श्वासाची शीळ थांबली. संध्याकाळी त्यांनी पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. तोवर सगळ्या नातेवाइकांत बातमी पोचली होती की मोठीने धाकटीला वाचवलं. एकोडीहून माझी आई भेटायला आली, तिने जाऊबाईंचे पाय धरले. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते.

आई परत गेल्यावर त्या संध्याकाळी घरात आम्ही दोघीच होतो. त्यांच्या डोक्यात केसांखाली काही काटे राहिले होते. मी दिव्याखाली बसून नखाने ते खरवडून काढत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. म्हणून विचारू शकले.

"बाई, तुम्ही मले पळ म्हटलं होतं का?"

त्या म्हणाल्या, "तू तसं सांगतलं न सगळ्याले?"

"हो."

"मंग तसंच राहू दे."

"पण म्हटलं होतं का?"

"नाही. मी तुले हाक मारली. दोनदा."

मला ती हाक ऐकू आली नव्हती. खरंच आली नव्हती. पण हे म्हणण्यात अर्थ नव्हता.

"राग आला असन," मी म्हणाले.

"आला न. येणार नाही काय? मी आधी सांगतलं, तं तू मले गप बसवलं. मंग सोडून पळाली. अजून राग हाय." त्यांनी मान जरा पुढे वाकवली. "तिकडं कानामागं एक हाय, पाह्य. ठणकून राहिला. काढ."

मी काढला. माझे डोळे इतके भरले होते की तो दोनदा चुकला. त्या कळवळल्या, पण डोकं हलवलं नाही.

नवरा बाजारातून आल्यावर मी त्याला खरं सांगितलं. तो जिन्यात उभा होता, हातात पिशवी. "काहून मंग असं म्हटलं?" एवढंच त्याने विचारलं. आठवडाभर तो माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलला.

सरांकडे मी दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर गेले. ते अंगणात खुर्चीवर बसले होते, डोक्याला मलम. काकूंनी आधीच ओळखलं होतं, मीच त्यांना गप्प केलं, हे मी उभ्या उभ्या सांगितलं. सरांनी मला बसायला सांगितलं नाही. ते म्हणाले, "मला ऐकू आलं असतं, तरी मी हललो असतो का? प्रामाणिकपणे सांगू? माहीत नाही." मग आतून कोणीतरी चहा आणला आणि आम्ही दोघांनी तो प्यायला.

ती बाग काही दिवस बंद होती. मोहोळ जाळून टाका म्हणून लोकांनी अर्ज दिला. सरांनी त्याविरुद्ध दुसरा अर्ज लिहिला, त्यावर आम्ही सह्या केल्या. कोणता अर्ज कुठे पोचला कळलं नाही. माश्या आपणच उठून कुठेतरी निघून गेल्या. झाडणाऱ्या बाईला मी साडी घेऊन गेले तेव्हा ती संकोचली. म्हणाली, "धूर कोणीही करते, त्यात काय?"

डिसेंबरच्या सुरुवातीला गट पुन्हा निघाला, या वेळी बाहेरच्या एका तलावावर. जाऊबाई येतील असं मला वाटलं नव्हतं. पण पहाटे उठून पाहते तर त्या तयार होऊन दारापुढच्या ओट्यावर बसलेल्या. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचल्यावर सरांनी सगळ्यात आधी त्यांना विचारलं, "काकू, इथे बसलं तर चालेल?" त्यांनी वर झाडाकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं, आणि थोडं पलीकडे उघड्यावर बोट दाखवलं. सगळे निमूट तिकडे गेले.

धान कापून मोकळ्या झालेल्या खाचरांवरून धुकं सरकत होतं. पाण्यात लांबवर बदकं होती. मी जाऊबाईंच्या शेजारी बसले. राग गेला का, असं विचारायचं मनात होतं. विचारलं नाही. त्यांनी डबा उघडला, एक भाकर माझ्या हातावर ठेवली, आणि त्यावर मिरचीचा ठेचा.