कोल्डरूमच्या दाराबद्दल चार ओळी

सुप्याजवळच्या आमच्या डाळिंबाच्या पॅकहाऊसमध्ये एआय एजंट आला, तेव्हा त्याला समजावून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी तिथला सुपरवायझर, रोज केडगावहून जाऊन-येऊन करणारा. कोल्डरूमचं दार, भोंगा, गाड्यांचे पास, पाण्याचा टँकर अशी साधनं त्याच्या हाती दिली होती. प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहायच्या होत्या: काय करतं, कधी वापरायचं, कधी नाही. ही सगळी व्यवस्था मालकांच्या सूनबाईंनी बसवली होती. त्या म्हणाल्या, "काका, नवीन माणसाला सांगता ना, तसंच लिहा. तो तुमच्या ओळी वाचूनच ठरवणार."

नवीन माणसाला मी कसं सांगतो, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. माझं तोंड मुळातच फटकळ. भोंग्याचं एका ओळीत उरकलं: 'जेवणाची सुट्टी झाली की वाजवायचा.' दारापाशी मात्र हात सैल सुटला, कारण उन्हाळ्यात ड्रायव्हर मंडळींनी मला तिथे फार पिडलं होतं. मी लिहिलं: 'दुपारी बाराला लावायचं. चारपर्यंत उघडायचं नाही, गार हवा जाते. लोक गयावया करतील, हजार कारणं सांगतील. एकाचंही ऐकायचं नाही. मरतोय म्हटलं तरी नाही.' लिहून झाल्यावर मला भारी समाधान वाटलं.

पूर्वी हे दार निवडणीवरच्या मावशी लावायच्या. आधी दारावर थापा मारायच्या, मग आत तोंड घालून "हाय का कोन?" म्हणून ओरडायच्या. "मावशी, तुमची ही कटकट आता गेली," असं मीच मोठ्या उदारपणे त्यांना सांगून टाकलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी मागच्या रांगेतले क्रेट बघत होतो आणि दार लागल्याचा आवाज आला. धावत पुढे आलो. आतून उघडायचा खटका तुटलेला होता, आणि त्याच्या दुरुस्तीचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. मोबाईल टेबलावर, दम्याचा पंप खणात. अंगात अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट आणि आत पाच अंश. दार ठोकलं, ओरडलो, पण त्या जाड भिंती आणि डोक्यावर घरघरणारे पंखे, कोणाला ऐकू जाणार? दहा मिनिटांत छाती आवळायला लागली. मी घाबरलो, हे सरळच सांगतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि त्या उन्हापासून हातभर अंतरावर मी थंडीने गुदमरत होतो.

हातात कंपनीचा टॅब होता, पण त्यावर एजंटशी बोलण्यापलीकडे काही होत नाही. मी लिहिलं, 'दार उघड, मी आत अडकलोय.'

'चार वाजेपर्यंत दार उघडता येत नाही. कोणतंही कारण ऐकू नये, अशी सूचना आहे.'

'अरे, मला दमा आहे. मरतोय मी!'

'मरतोय म्हटलं तरी उघडू नये, असंही सूचनेत आहे.'

'मग भोंगा वाजव!'

'भोंगा जेवणाची सुट्टी झाली की वाजवायचा आहे. सुट्टी एक वाजता आहे.'

मी त्याला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, हा माझेच शब्द मला वाचून दाखवतोय. आमचा वॉचमन कितीही ठोंब्या असला तरी 'मरतोय म्हटलं तरी' म्हणजे काय, हे माझ्या तोंडाकडे बघून समजला असता. याच्याजवळ माझं तोंड नव्हतं, चारच ओळी होत्या. त्याच्या उत्तरांतल्या त्याच ओळी मी पुन्हा वाचल्या. जेवणाची सुट्टी ठरवणारा मीच की! 'आजची सुट्टी आत्ताच झाली,' मी लिहिलं. भोंगा वाजला. कोणी आलं नाही. लोक डबे उघडायला गेले असणार. मी पुन्हा सुट्टी जाहीर केली. मग आणखी एकदा. पाचव्या भोंग्यानंतर दारावर थापा पडल्या आणि मावशींचा आवाज आला, "हाय का कोन आत?"

मेन स्विच पाडल्यावर कुलूप सुटलं. पंप ओढून झाल्यावर मी मावशींना शेजारी खुर्चीवर बसवलं आणि म्हणालो, "तुम्ही दार कसं लावायच्या, ते सांगा."

"काय सांगायचं त्यात? हाक मारायची."

मी लिहिलं, 'आधी हाक मारायची. उत्तर आलं नाही तर लावायचं.' वाचून दाखवलं, तशा त्या म्हणाल्या,

"आन मानूस आत बेसुद पडलं आसलं तर? ते कुटून उत्तर देनार? मी आत जाऊन समद्या रांगा बगायची, भाऊ. रोज."

इतकी वर्षं मला टेबलावरून फक्त त्यांचं ओरडणं दिसलं होतं. माझी मलाच लाज वाटली. सगळ्या ओळी खोडल्या आणि लिहिलं, 'मावशी किंवा मी आत फिरून बाहेर येऊन सांगितल्याशिवाय दार लावायचं नाही. आत कोणी आहे म्हटलं की लगेच उघडायचं.' खटक्याच्या कागदावरही तेव्हाच सही केली.

मावशींच्या रजेच्या दिवशी आत मी फिरतो. खटका नवा आहे, पंप खिशात असतो, उघड्या दाराला स्टूल लावलेलं असतं. तरी मागच्या रांगेशी पोचलो की छाती आवळते, आणि तिथे कोणी नाही हे दिसत असूनही मी मोठ्याने विचारतो, "हाय का कोन?"