बीज सोडलेल्या तलावात

"उतर ना. तुमच्या तर रक्तातच पाणी आहे."

सर म्हणाले आणि हसले. सोबतची दोन पोरंही हसली. मोहाडीजवळच्या आमच्याच गावच्या तलावावर, माझ्या बापासमोर. आम्ही ढिवर, मासे धरणारी जात, म्हणून रक्तात पाणी.

पाण्यातला ऑक्सिजन मोजणारं आमचं तरंगतं यंत्र शिंगाड्याच्या वेलात अडकलं होतं. त्याचं सर्किट मी जोडलेलं. तरी सरपंचांशी ओळख करून देताना सरांनी पोरांना 'आमचे इंजिनिअर' म्हटलं आणि मला 'नमुने आणणारी'. पदवी तिघांची एकच. अर्धं जीवशास्त्र, अर्धं इलेक्ट्रॉनिक्स. कॉलेजच्या जाहिरातीत तिला दोन विद्यांचा संगम म्हणतात. संगमातलं सर्किट त्यांचं, चिखल माझा.

तलावात नुकतंच माशांचं बीज, म्हणजे इवली पिल्लं, सोडलं होतं. बीज कोवळं असतं, काठालगतच फिरतं. ते सावरेपर्यंत कोणी पाण्यात पाय घालायचा नाही, हा आमच्या मच्छीमार सोसायटीचा नियम. म्हशी आणणाऱ्यांना बाप काठी घेऊन हाकलतो. हे सगळं मी सरांना येताना गाडीतच सांगितलं होतं. जीवशास्त्र शिकवणारा माणूस. त्याला पिल्लं दिसली नाहीत, जात तेवढी दिसली.

मी हलले नाही. "प्रोजेक्टचे मार्क माझ्या हातात आहेत हे विसरू नकोस," सरांनी सुनावलं.

तेव्हा बाप पुढे आला. "राहू द्या सायेब, मी आनून देतो," म्हणाला आणि पँट वर दुमडू लागला. ज्या नियमासाठी तो अख्ख्या गावाशी भांडला, तो माझ्या मार्कांसाठी मोडायला निघाला होता. मला त्याची लाज वाटली नाही. त्या हसणाऱ्या तोंडांची किळस आली.

"बा, तू नोको उतरू," मी म्हणाले. मग सरांकडे वळले. "सर्किट मी केलंय, सर. आणि आज या पाण्यात कोणीच उतरणार नाही. तुम्हीसुद्धा नाही."

दोघे इंजिनिअर आपापले बूट बघत राहिले. सर गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली. एवढीच त्यांची विद्या. यंत्र वेलातच राहिलं.

पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा आहे. सर्किट कोणी जोडलं, ते बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना मी सरांच्या तोंडावर सांगणार. नापास करायचं तर करा. पुन्हा बसेन, पुन्हा तेच सांगेन. माझ्या मार्कांसाठी माझा बाप आता कोणापुढे वाकणार नाही.