बिटाच्या रसानं जमलेलं लग्न
आल्याचा वास आला की मला फुलसावंगीतली ती मे महिन्यातली दुपार आठवते. नणंदेला बघायला पाहुणे आले होते आणि मी नवी सून, हौसेनं बीट, कैरी, आल्याचा दाट रस इवल्या काचेच्या ग्लासांत घेऊन गेले. लालभडक ग्लास पाहून मुलाचे वडील ताडकन उठले. "आमी घेत नाही जी!" सासऱ्यांचं तोंडच उतरलं. "दारू नाही मामाजी, बिटाचा रस हाये," मी घाईनं पाहुण्यांना म्हणाले. मुलाच्या वडिलांनी डोळे मिटून एका घोटात ग्लास रिचवला. आल्यानं कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं. "हे रोज पेता तुमी?" ते खोकत म्हणाले, "मंग पोरगी मजबूतच असन. पसंत हाये आमाले!" ते व्याही आजही आमच्याकडे आले की दारातूनच विचारतात, "चहाच हाये ना?"