कर्नाळ्यावरचे तीन दिवे

भूतखेत, नजर, उतारे यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. पनवेलात माझं मेडिकल आहे. ताईत मागायला आलेल्यालाही मी आधी थर्मामीटर लावते. तरीही हे लिहितेय... कारण विचारायला आता कोणी उरलं नाही.

दहा-बारा वर्षं झाली. तेव्हा रमजान ऐन पावसाळ्यात यायचा. एकोणतिसावा रोजा सोडून अख्खी बिल्डिंग टेरेसवर, ईदचा चाँद शोधायला. माझे मिस्टर कुवेतला. त्यांच्याकडे ईद त्याच दिवशी झालेली – लग्नानंतर आमची ईद एका दिवशी क्वचितच आली.

पश्चिमेला नुसते ढग. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "दिसला! चाँद मुबारक!" शेजारच्या बिल्डिंगमध्ये फटाकेसुद्धा वाजले.

"अरे गाढवा, चाँद कधी कर्नाळ्यावर निघतो काय?" फरीदचाचा खेकसले. मग तेही वळले.

दक्षिणेला, कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्याच्या वर तीन तांबूस दिवे. एका ओळीत, स्थिर, बिनआवाजाचे. मधला सावकाश मंद व्हायचा, पुन्हा उजळायचा. शेजारच्या जुबेदाने माझा हात घट्ट धरला होता. थोड्या वेळाने तिन्ही एकदम नाहीसे झाले.

दुसऱ्या दिवशी जुबेदाला विचारलं, तर म्हणाली, "बलून असेल गं आपा, एअरपोर्टच्या सर्वेचा."

"बलून? मग माझ्या हातावर तुझी नखं का उमटली?"

ती भांडी घासत राहिली. फरीदचाचा तर सरळ म्हणाले, "मी काहीच बघितलं नाय." त्यांचं कारण मला कळत होतं. चाँदची गवाही द्यायला मशिदीत त्यांनाच बोलावतात. भलतंसलतं दिसतं म्हणणाऱ्याची गवाही कोण धरणार? बाकीचेही चाचांच्या मागे गेले. एवढ्या माणसांत "हो, मीही पाहिलं" म्हणणारं एकही तोंड नव्हतं. मला तेवढं एक 'हो'च हवं होतं.

दुपारी कुवेतला फोन लावला. "काल आकाशात दिवे दिसले," एवढंच मी म्हणाले.

"रोजा लागला तुला," ते हसले. मग हळूच विचारलं, "तीन होते? मधला विझत-पेटत होता?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"परवा, चाँदरातीला, आम्ही रूमच्या छतावर होतो. बरोबरचे म्हणतात, काही नव्हतंच. मी पण मग गप्प बसलो, रेहाना."

ईदसारखंच तेही त्यांच्याकडे एक दिवस आधी पोचलं होतं.

ते कायमचे परत आले ते आजार घेऊनच, आणि पुढच्या रमजानपर्यंतही राहिले नाहीत. एकत्र टेरेसवर जायचं राहून गेलं. विमान, फुगे, उपग्रह – सगळं ताडून पाहिलं, एकही बसत नाही.

अजूनही एकोणतिसाव्या संध्याकाळी मी वर जाते. सगळे पश्चिमेकडे तोंड करून उभे असतात, मी एकटी कर्नाळ्याकडे. "आपा, तिकडं काय बघतेस?" असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.