बाबांची हळद उतरेना

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबा स्वतःच्या तब्येतीमागे हात धुऊन लागले. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बदलीनं जयपूरला आलो आणि जगतपुऱ्यात फ्लॅट घेऊन इथलेच झालो. गुडघे दुखतात म्हणून बाबांनी मोबाइलवरून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मागवल्या. अंगात जास्त मुरावी म्हणून त्यात मिऱ्याचाही अर्क होता. बाबा त्या नेमानं घेत आणि आल्यागेल्याला फुकटचा सल्ला देत, "घरचीच हळद ती, तिनं काय वाईट होणार?"

मग त्यांची भूक गेली. धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर होतं, म्हणून आम्ही दगदगीवर ढकललं. हळदीच्या दिवशी मावश्यांनी नवरीला सोडून बाबांनाच माखलं. सकाळी सगळे घासूनपुसून स्वच्छ झाले, बाबा मात्र तसेच.

"अहो, तुमचे डोळे काऊन पिवळे दिसून राहिले?" आईनं विचारलं.

"कालची हळद आहे. उतरेल."

"डोळ्यांत कोणी लावली होती?"

मी त्यांना स्कूटरवर घालून डॉक्टरांकडे नेलं.

"कोई दवाई लेते हैं, बाबूजी?"

"मैं तो गोली को हाथ नहीं लगाता जी," बाबा ऐटीत म्हणाले. तेवढ्यात डॉक्टर गुडघा चोळत उठले. बाबांना राहवलं नाही. खिशातून बाटली काढून म्हणाले, "आप भी लीजिए, घुटनों के लिए बढ़िया है."

डॉक्टरांनी बाटली वाचली आणि परत दिलीच नाही. रक्ताच्या तपासणीत लिव्हरला सूज निघाली. वरणातली हळद वेगळी आणि हा अर्क वेगळा, काहींच्या लिव्हरला तो सोसत नाही, असं त्यांनी समजावलं. आणखी काही दिवस गेले असते तर काय, तेही ते सांगू लागले. मला ऐकवेना.

बाबांनी पिवळ्या डोळ्यांनीच लेकीची पाठवणी केली. कॅप्सूल सुटल्या तसे ते हळूहळू बरे झाले. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो; आता त्यांना वरण पांढरं हवं झालं.

"माझ्या हळदीनं आजवर काय झालं तुम्हाले? जेवा मुकाट्यानं," आई म्हणाली.

पण तीच आई अजून रोज सकाळी त्यांना गॅलरीत उजेडात उभं करते आणि खालची पापणी ओढून बघते. बाबा खूप कुरकुरतात. चष्मा मात्र त्यांनी आधीच काढून हातात धरलेला असतो.