पैसे बॅगेतून देत नाहीत

१४ मार्च २०१४. अठरा हजार सहाशे चाळीस सिंगापूर डॉलर. ही रक्कम ‘स्थानिक तपासणी शुल्क’ या खात्यावर मंजूर करून निशिकांत दाबके यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि सिनेमाला जायचं म्हणून नेहमीपेक्षा जरा लवकर उठले.

दाबके मूळचे सांगलीचे, बी.कॉम. सिंगापूरच्या हार्बरफ्रंट भागातल्या एका तांदूळ निर्यात कंपनीत ते हिशेबखातं सांभाळत. कंपनीचा तांदूळ पश्चिम आफ्रिकेत जाई. तपासणी शुल्क तिथल्या बंदरावर कोणी तपासणी करू नये म्हणून दिलं जाई, हे दाबक्यांना ठाऊक होतं. पण बिल येई, बिलाला नंबर असे. नंबर असला की दाबक्यांची हरकत नसे.

जूनमध्ये बासष्ट वर्षं पूर्ण होऊन ते निवृत्त होणार होते. पुढची तीन वर्षं त्यांना कामावर ठेवण्याचं पत्र तयार होतं, फक्त मालक शिरीष मोघे यांची सही राहिली होती. बुकित बातोक उपनगरातल्या त्यांच्या फ्लॅटचे हप्तेही नेमके तीनच वर्षांचे उरले होते.

सिनेमाचा कार्यक्रम मोघ्यांनीच पुरस्कृत केला होता. आपली गिऱ्हाइकं आफ्रिकेतली, तेव्हा आफ्रिकन चित्रपटाच्या पोस्टरवर कंपनीचं नाव शोभेल, असा त्यांचा हिशेब. सिनेमा आधी कोणी पाहिला नव्हता. ढोल, हत्ती आणि सूर्यास्त असेल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. कर्मचाऱ्यांना एकेक तिकीट फुकट होतं. पत्नी सुलेखाताईंचं तिकीट काढताना दाबक्यांकडे सुटे नव्हते, म्हणून मोघ्यांनी खिशातून तेरा डॉलर दिले.

सिनेमात हत्ती नव्हता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचा एक मंत्री गोऱ्या गव्हर्नरच्या जुन्या खुर्चीत बसतो. खुर्चीचा एक पाय डुगडुगतो. दरवर्षी दुरुस्तीसाठी आधीपेक्षा मोठी रक्कम मंजूर होते, मंत्र्याचा बंगला एका मजल्याने वाढतो, आणि पाय डुगडुगतच राहतो. मग एक परदेशी व्यापारी नोटांनी भरलेली बॅग घेऊन येतो. मंत्री बॅग डुगडुगणाऱ्या पायाखाली सारतो आणि पहिल्यांदाच खुर्ची स्थिर होते. प्रेक्षक पोट धरून हसले. पुढच्या रांगेत मोघेही हसले, पण थोडे उशिरा.

दाबके हसले नाहीत. नंतर दिग्दर्शिका मंचावर आली, कोणाला काही विचारायचं आहे का म्हणाली, तेव्हा त्यांनी हात वर केला.

“बॅगेचा प्रसंग चुकलाय,” ते म्हणाले. “पैसे बॅगेतून देत नाहीत. तपासणी शुल्क म्हणून देतात. रीतसर बिल येतं.”

दिग्दर्शिका पुढे सरकली. “आणि त्या बिलावर सही कोण करतं?”

“तीन हजारांच्या वर असेल तर मी.”

सगळं थिएटर हसलं. टाळ्याही पडल्या. मोघ्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

एमआरटी मेट्रोने घरी परतताना बुकित बातोक जवळ आलं. तेव्हा सुलेखाताई म्हणाल्या, “अहो, तुम्हाला कोणी विचारलं होतं का?”

“विचारलं ना. सही कोण करतं म्हणून.”

“त्याच्या आधी म्हणतेय मी.”

सही कोण करतं, हे इतक्या वर्षांत ऑडिटरनेही विचारलं नव्हतं.

सोमवारी मोघ्यांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एक तीन वर्षांचं पत्र, दुसरं नवं बिल.

“दाबके, तुम्ही तर स्टार झालात.”

“साहेब, सिनेमात चूक होती.”

“चुका काढायला दुसरे लोक आहेत. तुम्ही यावर सही करा, मी त्यावर करतो. विषय संपला.”

दाबक्यांनी बिल उलटंसुलटं पाहिलं. नंबर होता.

“तपासणीचा रिपोर्ट जोडलेला नाही,” ते म्हणाले.

“कसला रिपोर्ट? कधी असतो का?”

“कधीच नसतो. मी मागायला हवा होता.”

मोघे खुर्चीत मागे रेलले. “अहो, तिथे कोणी तपासणी केलेलीच नाही. रिपोर्ट कुठून आणू?”

“मग शुल्क कसलं?”

मोघ्यांनी पत्र उचलून ड्रॉवरमध्ये ठेवलं. बिलावर त्यांनी स्वतःच सही केली. त्यांच्या सहीला मर्यादा नव्हती.

जूनमध्ये केक कापला गेला. मोघ्यांनी चार चांगले शब्द बोलून घड्याळ दिलं. घरी सुलेखाताईंनी घड्याळाची डबी उघडून पाहिली आणि मिटून ठेवली.

“आणि हप्ते?”

“इथल्या कारखान्यांना हिशेबनीस लागतात. दोघांशी बोललोय. पगार निम्मा मिळेल.”

“रिपोर्ट मागणार का तिथेही?”

“मागणार.”

“बरं,” म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या.

शेवटच्या दिवशी दाबक्यांनी मोघ्यांपुढे तिकिटाचे पैसे धरले होते. मोघे फोनवर होते, त्यांनी हातानेच ‘नंतर’ म्हणून सांगितलं. ते तेरा डॉलर अजून द्यायचे आहेत.